ओढा नसल्याची टिपणी

ती केस आठवली नाही असा एकही महिना निवृत्तीनंतर गेलेला नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पोटच्या पोरांनी बापाला घराबाहेर काढलेले पाहिले. ते सगळे मागे पडले. ही एकच केस अशी आहे की आठवली तर हातातला घास हातातच राहतो. गुन्हा कोणी केला हे शोधून काढणारा मी होतो, आणि तो कोर्टात टिकू नये याची सोय करणाराही मीच.

मी कोणाचे नाव घेणार नाही. काही जण अजून नोकरीत आहेत, काही थकले आहेत. स्वतःला मात्र झाकणार नाही. तेवढ्यासाठीच लिहायला बसलो आहे.

तेव्हा मी सोलापूरच्या हद्दवाढ भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निम्मी हद्द ज्वारीच्या रानात आणि निम्मी नव्या प्लॉटांत. सकाळी हजेरी, स्टेशन डायरीवर नजर, रात्रपाळीच्या अंमलदाराकडून माहिती, मग चहा. चहा संपेपर्यंत दारात कोणीतरी हद्दीच्या खुणेवरून भांडत आलेला असायचा. एकच प्लॉट दोघांना विकलेला, रस्ता दाखवून न दिलेला, दगड रातोरात सरकलेला. अशा तक्रारींत निम्मा दिवस जाई.

या भागातून एक ओढा वाहतो. वाहतो म्हणजे वर्षातले साडेअकरा महिने ती शेळ्यामेंढ्या जाण्याची वाट असते. परतीचा पाऊस लागला की दोन-तीन दिवस त्याला आपण ओढा असल्याची आठवण येते. ओढ्याच्या वरच्या अंगाला शहरातल्या सर्वांत मोठ्या बिल्डरची वसाहत उभी राहत होती. उंच कंपाउंड, तीन टोलेजंग इमारती, दारात कारंजे. दर रविवारी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर तिची पानभर जाहिरात असे. खालच्या अंगाला मैंदर्गीकडच्या एका माणसाने पाडलेले छोटे प्लॉट होते. तिथे विणकर आणि विडी कामगारांनी पत्र्याची, विटांची घरे बांधली होती.

त्या वर्षी परतीचा पाऊस जोरात झाला. पाणी खालच्या प्लॉटांत शिरले. माग बुडाले, सूत भिजले, आणि एका विणकराच्या घराची भिंत त्याच्या पायावर पडली. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

पंधरा दिवसांनी एका मोठ्या दैनिकाचा वार्ताहर माझ्या केबिनमध्ये आला. आमचे जुने संबंध होते. तो आला की चहा यायचाच. त्याने टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला.

"साहेब, आयती केस आणली आहे तुमच्यासाठी. खालच्या प्लॉटांची मंजुरी कशी झाली बघा."

झेरॉक्स प्रती होत्या. नगररचना कार्यालयाची फाइल, मंजुरीचा आदेश, आणि मध्ये एका पानाची टिपणी. तिच्यात लिहिले होते, 'जागेवर ओढा आढळून येत नाही.' खाली कार्यालयातल्या आरेखक बाईंची, म्हणजे नकाशे काढणाऱ्या कर्मचाऱ्याची, सही होती.

"ओढा गिळला की हो या बाईनं," वार्ताहर हसत म्हणाला. "तिकडं माणसाचा पाय गेला."

सरकारी फाइलचे कागद त्याच्याकडे कोणी दिले, हे मी त्याला विचारले नाही. पोलिसाने विचारायचा तो पहिला प्रश्न. मी दुसरा कप मागवला.

जखमी विणकराच्या मुलाची फिर्याद घेऊन गुन्हा नोंदवला. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज. प्रथम मैंदर्गीवाल्याला उचलले. अंगाने थोराड, निम्मे बोलणे कानडीत. तो कपाळाला हात लावून बसला.

"साहेब, कागद आफिसातनंच आला की हो. साहेबाचा शिक्का हाय त्यावर. मला काय ठाव त्यातलं? मी शिक्का बघितला आन प्लॉट इकला."

मग बाईंना अटक करायची ठरली. सकाळी अकरा वाजता आम्ही कार्यालयात गेलो. वार्ताहराला वेळ आधीच कळवलेली होती. कळवणारा मी. फाटकाबाहेर चार कॅमेरे तयार होते. दोन महिला शिपायांनी बाईंना दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. पदर तोंडावर ओढायला त्यांचा हात वर जात होता आणि शिपाई तो खाली करत होती. जीप वीस पावलांवर होती. ती आत घेता आली असती. मी बाहेर उभी करायला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर तो फोटो. बाईंचे पूर्ण नाव, वय, राहण्याची गल्ली, नवरा कोणत्या टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे तेसुद्धा. फोटोत त्यांच्या मागे मी उभा होतो, छाती पुढे काढून. ते कात्रण मी मोबाइलवरून माझ्या भावाला पाठवले.

चौकशीसाठी बाईंना माझ्यासमोर आणले. चाळिशीच्या, विणकरांच्या तेलुगू घरातल्या, किडकिडीत अंगाच्या. त्या उभ्या होत्या, मी बसलेलो. मी त्यांना 'तू' म्हणत होतो. आमच्याकडे आरोपीला कोणी 'तुम्ही' म्हणत नाही. हे मी सवय म्हणून सांगतो आहे, समर्थन म्हणून नाही.

"सही तुझी आहे का नाही, एवढंच सांग."

"माझ्यासारखी आहे साहेब. माझी नाही."

"मग कोणाची?"

"मी ओढा आहे असंच लिहिलं होतं की. जागेवर जाऊन आले होते मी. वरच्या गटातनं येतो, खालच्या गटातनं पुढं जातो, असं दोन्ही गटांचे नंबर घालून लिहिलं होतं. ते पान काढलंय. हे दुसरं घातलंय."

"असं सगळेच म्हणतात."

"तारीख बघा साहेब. त्या तारखेला मी हितं नव्हतेच. इलेक्शन ड्यूटीवर होते, करमाळ्याला. ट्रेनिंग होतं दिवसभर."

आता हे लिहिताना कोणालाही वाटेल की एवढे ऐकल्यावर अधिकारी ताडकन उठला असेल. मी उठलो नाही. पेपरात फोटो आलेला होता, वरिष्ठांचा शाबासकीचा फोन येऊन गेला होता. आरोपी कुठे ना कुठे असल्याचे सांगतोच, असे म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी 'वरच्या गटातनं' म्हटले, तेही मी ऐकले आणि सोडून दिले. वरच्या गटात कोणाच्या इमारती आहेत हे मला चांगले माहीत होते. त्यांतल्या एकीत सहाव्या मजल्यावर माझ्या नावाने फ्लॅट होता. पोलिसांसाठी खास सवलत म्हणून त्या बिल्डरने काही अधिकाऱ्यांना दिले होते, त्यांतला एक. ताबा मिळायचा होता. त्यात गैर काही आहे असे तोवर मला कधी वाटले नव्हते.

बाईंचे म्हणणे ऐकणारा दुसरा माणूस त्या खोलीत होता. माझा रायटर, म्हणजे जबाब आणि केसचे कागद लिहिणारा हवालदार. उजनीच्या फुगवट्याकाठचे त्याचे गाव, करमाळ्यापासून जवळ. साप्ताहिक सुटीला गावी गेला तो परत येताना तहसील कचेरीत डोकावून आला. त्याला कोणी सांगितले नव्हते. हजर झाल्यावर सॅल्यूट करून माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, बाई खरं बोलत्यात. ट्रेनिंगच्या हजेरीपटावर सह्या हायत त्यांच्या. सकाळची बी, संध्याकाळची बी. मी डोळ्यांनी बघून आलो."

"तुला कोणी पाठवलं होतं?"

"कुनी न्हाय साहेब. पन बाई दोनदा बोलल्या. खोटं बोलनारा मानूस तारीख बघा म्हनत न्हाय, तारीख इसरलो म्हनतो."

एवढ्या वर्षांत इतका साधा आणि इतका बरोबर धडा मला कोणी दिलेला नव्हता. मी रीतसर पत्र पाठवून हजेरीपटाची साक्षांकित प्रत मागवली. ती आली. मूळ फाइल ताब्यात घेऊन टिपणीचे पान तपासणीला पाठवले. सही बाईंची नसल्याचा अभिप्राय आला, त्याला पुढे बराच वेळ लागला. पण हजेरीपट हातात पडला त्या दिवशीच मला समजले होते की मी चुकीच्या माणसाला पायऱ्यांवरून उतरवले आहे. बाई तोवर पोलीस कोठडीतून न्यायालयीन कोठडीत गेल्या होत्या. कागदोपत्री सोपस्कार होऊन त्या बाराव्या दिवशी बाहेर आल्या.

आता प्रश्न राहिला तो पान कोणी बदलले, आणि कोणासाठी. मैंदर्गीवाल्याचे प्लॉट जुने, किरकोळ. त्याच्यासाठी कोणी सरकारी फाइल फोडेल असे वाटत नव्हते. पण बाईंच्या मूळ टिपणीत दोन्ही गट होते. ती फाइलमध्ये राहिली असती तर वरच्या इमारतींना परवानगी मिळाली नसती. त्या इमारतींच्या भरावानेच पाणी फिरून खालच्या घरांत शिरले होते. आता पाण्याचा गवगवा झाल्यावर कोणीतरी मूळ फाइल मागितली असती. त्याआधी खालचा प्लॉटवाला आणि एक आरेखक बाई पेपरवाल्यांच्या तोंडी दिली की लोकांचे समाधान होते. फाइल तिथेच मिटते.

हे मला उमगले ते ठाण्यात नाही, घरी. रविवारची दुपार होती. बायकोला सोसायटीचा कसलासा अर्ज भरायचा होता, म्हणून तिने फ्लॅटच्या कराराची फाइल कपाटातून काढली. बिल्डरने कराराला जोडून दिलेल्या सगळ्या झेरॉक्स प्रतींवर डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती, मध्ये दोन ठिकाणी तुटलेली. मशीनच्या काचेवर ओरखडा असला की अशी रेघ उमटते. तशीच रेघ, त्याच दोन ठिकाणी तुटलेली, वार्ताहराने आणलेल्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पानावर होती. ते कागद मी पंधरा दिवस रोज पाहत होतो.

"काय झालं हो?" बायकोने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो आणि फाइल मिटली.

सरकारी फाइलच्या प्रती बिल्डरच्या कार्यालयात काढल्या गेल्या होत्या. याचा पुरावा माझ्या कपाटात होता, आणि तो पुढे करायचा तर आधी कपाट माझे आहे हे सांगावे लागणार होते.

मी एवढेच करायला हवे होते की सोमवारी सकाळी वरिष्ठांकडे जाऊन म्हणायचे, साहेब, माझा या प्रकल्पात फ्लॅट आहे, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या, आणि हे कागद घ्या. दहा मिनिटांचे काम. मी केले नाही. माझ्या मनाशी मी असे ठरवले की तपास माझ्याकडेच राहिला तर मी तो नीट करीन, दुसऱ्याने दाबला असता. माणूस स्वतःला फसवताना नेहमी चांगले कारण शोधतो. हे मी कितीतरी आरोपींच्या बाबतीत पाहिले होते.

सोमवारी नगररचना अधिकाऱ्याला बोलावले. ती फाइल त्याच्या ताब्यात होती. मी हजेरीपट त्याच्यापुढे ठेवला. तो वाचून त्याने पाणी मागितले, सगळा ग्लास संपवला. थोडा वेळ टाळाटाळ झाली. मग तो म्हणाला, "पान बदललं, हे खरं आहे. माझ्या लिपिकाकडून बदलून घेतलं. पण मी एकट्यानं माझ्यासाठी बदललं का?"

"कोणासाठी बदललं?"

तो माझ्याकडे बघून हसला. भ्यालेल्या माणसाचे हसणे नव्हते ते.

"साहेब, तुमचा सहावा मजला ना? माझा चौथा. आपण शेजारी होणार की."

जबाब लिहिणाऱ्या रायटरचे पेन थांबले.

"हे लिहू का साहेब?" त्याने खाली बघतच विचारले.

"नको," मी म्हणालो.

त्याने लिहिले नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतेच बोलू लागला. सॅल्यूट मात्र पूर्वीसारखाच कडक मारायचा, आणि तोच मला जास्त लागायचा.

बिल्डरलाही जबाबासाठी बोलावले. तो वकील घेऊन आला. मी उठून उभा राहिलो. खुर्ची दिली, कूलरचे तोंड त्याच्याकडे वळवायला सांगितले. ज्या जागी काही आठवड्यांपूर्वी बाई तासन् तास उभ्या होत्या, त्या जागेवर त्याची खुर्ची होती. तो वीस मिनिटे बसला. कार्यालयीन बाबी आपला माणूस पाहतो, आपल्याला कल्पना नाही, असे त्याने सांगितले. मी ते लिहून घेतले. जाताना म्हणाला, "ताबा लवकरच देतोय साहेब, काळजी करू नका." मी मान डोलावली.

त्याच्या कार्यालयाची झडती त्याच दिवशी घेता आली असती. मी आठ दिवसांनी घेतली. तिथे नवे कोरे झेरॉक्स मशीन होते. जुने बिघडले म्हणून भंगारात दिले, असे सांगण्यात आले. तसा पंचनामा केला. बिल्डरपर्यंत पुरावा पोचत नव्हता, असे मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. खरी गोष्ट अशी की जिथून पोचत होता ती वाट मीच बुजवली होती. अटक झाली ती नगररचना अधिकारी, त्याचा लिपिक आणि बिल्डरचा कार्यालयीन कामे पाहणारा माणूस, अशा तिघांना; मैंदर्गीवाल्याचे नाव आरोपींतून वगळले.

त्यानंतर पत्रकार परिषद घेतली. बाईंच्या वेळी एका वार्ताहराला वेळ कळवली, तेवढ्यावर चार कॅमेरे आले होते. या वेळी निरोप दोनदा द्यावा लागला. आले, पोहे खाल्ले, चहा घेतला. अधिकाऱ्याने पान बदलले, बाई निर्दोष आहेत, असे मी सांगितले. वह्या उघड्या होत्या, पण पेने फारशी हलत नव्हती. गठ्ठा आणणारा वार्ताहर मागच्या खुर्चीवर मोबाइल बघत होता.

कोपऱ्यात एका छोट्या साप्ताहिकाचे संपादक बसले होते. साठीकडे झुकलेले, डोक्यावर टोपी, घरात उर्दू बोलणारे. बाजारात त्यांचे टायपिंगचे दुकान होते आणि साप्ताहिक ते एकहाती काढत. ते उभे राहिले.

"साहेब, पान बदलून फायदा कुणाचा झाला? वरच्या प्रोजेक्टवाल्याचं नाव काय लिहू?"

"तपास चालू आहे. आत्ता नाव घेणं योग्य होणार नाही."

"बरं. अजून एक सवाल. त्या प्रोजेक्टमध्ये कुण्या पोलीस अधिकाऱ्याचा फ्लॅट आहे का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला वाटते, निम्म्यांना उत्तर माहीत होते. त्यांच्यातल्याही एक-दोघांचे तिथे फ्लॅट होते.

"मला माहिती नाही," मी म्हणालो.

सगळे गेल्यावर ते मागे थांबले. आवाज न चढवता म्हणाले, "बुकिंगची यादी मी पाहिली आहे साहेब. माहीत होतं मला. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." मग नमस्कार करून पिशवी सायकलला अडकवून निघून गेले. त्यांनी त्या आठवड्यात ओढ्याचा नकाशा, दोन्ही गटांचे नंबर आणि बदललेल्या पानाची हकीकत नीट छापली. माझे नाव छापले नाही. ते साप्ताहिक चार हॉटेलांत आणि दोन सलूनांत जात असे.

मोठ्या दैनिकांत दुसऱ्या दिवशी काय आले ते मी शोधून काढले. सातव्या पानावर, एका शाळेच्या जाहिरातीखाली पाच ओळी. 'महिला कर्मचाऱ्यास दिलासा.' त्यात बाईंचे नाव नव्हते. आरोपी होत्या तेव्हा गल्लीसकट नाव होते, निर्दोष झाल्यावर त्या 'एक महिला कर्मचारी' झाल्या. बिल्डरचा उल्लेख 'एका बांधकाम व्यावसायिकाचा प्रतिनिधी' एवढाच. त्या पेपरवाल्यांना मी बराच काळ मनात शिव्या दिल्या. पण त्यांना नाव न सांगणारा कोण होता?

खटला उभा राहायला काही वर्षे गेली. तोवर मी निवृत्त झालो होतो आणि सहाव्या मजल्यावर राहायला गेलो होतो. साक्षीला उभा राहिलो. सरकारी वकिलांनी घेतलेली सरतपासणी व्यवस्थित झाली. मग नगररचना अधिकाऱ्याचा वकील उठला. तो बिल्डरने दिलेला होता, हे कोर्टात सगळ्यांना ठाऊक होते. मला वाटले, पंचनाम्यातल्या वेळा विचारील. त्याने फक्त म्हटले, "आपला सध्याचा पत्ता सांगा."

मी पत्ता सांगितला. इमारतीच्या नावासकट.

"म्हणजे ज्या प्रकल्पाच्या परवानगीवरून हा खटला आहे, त्याच प्रकल्पात?"

"होय."

"हे आपण वरिष्ठांना कळवलं होतं?"

"नाही."

"केस डायरीत लिहिलं?"

"नाही."

"पत्रकार परिषदेत हाच प्रश्न विचारला गेला होता. काय उत्तर दिलंत?"

मी न्यायाधीशांकडे पाहिले. ते लिहिण्यासाठी थांबले होते. "माहिती नाही, असं म्हणालो."

यानंतर त्याला फार काही विचारावे लागले नाही. सोयीची माणसे वगळून बाकीच्यांना गोवले, असा त्याने युक्तिवाद केला. माझ्या तपासावर कोणी विश्वास ठेवावा असे मी काही शिल्लक ठेवले नव्हते. तिन्ही आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. पाय गमावलेला विणकर निकालाच्या दिवशी कुबड्या घेऊन आला होता. निकाल इंग्रजीत वाचला गेला. त्याने मला विचारले, "काय झालं साहेब?" मी सांगितले. तो मुलाच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरू लागला.

माझ्या साक्षीच्या दुसऱ्या दिवशी मात्र पहिले पान माझे होते. 'तपास अधिकाऱ्याचाच फ्लॅट.' माझे नाव, फोटो, मजला. बातमी खरी होती, एक शब्दही खोटा नव्हता. बिल्डरचे नाव तिच्यातही नव्हते.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी बाईंच्या घरी गेलो. सकाळी दहाच्या सुमारास. गल्लीत मागांचा खडखडाट चालू होता. पूर्वी या गल्लीतले लोक आपले सरकारी कागद बाईंकडून वाचून घेत, कारण बऱ्याच जणांना मराठी नीट वाचता येत नसे. फोटो छापून आल्यावर कागद घेऊन कोणी येईना, असे मला रायटरने कधीतरी सांगितले होते. बाई नोकरीत परत आल्या होत्या, पण नकाशांच्या कामावर नाही. त्यांना जन्म-मृत्यूच्या नोंदीला बसवले होते. त्या दिवशी त्यांची सुटी होती.

त्यांनी मला ओळखले, खुर्ची दिली, पाणी आणून दिले. सासूबाई आतल्या दारात विड्या वळत बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिले नाही.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "माफी मागायला आलोय."

त्यांनी उघड्या दारातून गल्लीकडे पाहिले.

"घरात येऊन मागताय साहेब," त्या म्हणाल्या. "फोटो रस्त्यावर काढला होता."

मी मान खाली घातली. त्या रागाने बोलत नव्हत्या, म्हणून ऐकणे जास्त कठीण होते.

"तुमचा फोटो आला तवा सासूबाई म्हणाल्या, आता कळंल त्यांना. मला तसं काही वाटलं नाही. मी पूर्ण पेपर बघितला, बिल्डरचं नाव कुटं आलंय का म्हणून. आतल्या पानावर त्याची जाहिरात होती. नवीन प्रोजेक्टची."

"मी पेपरात लिहून देतो. सगळं. माझ्या नावानं."

"द्या. छापतील का बघा." मग त्यांनी मला सरळ विचारले, "एक सांगा साहेब. माझं नाव तुमी पहिल्याच दिवशी सांगितलं, गल्लीसकट. चौकशी व्हायची होती माझी. त्याचं नाव विचारलं तवा तपास चालू आहे म्हणालात. असं का?"

पाणी संपवून मी उठलो. पत्र मी खरोखर लिहिले, तीन दैनिकांना पाठवले. एका संपादकांचा फोन आला. साहेब, जुनं झालं, आता कशाला उकरता, असे ते आपुलकीने म्हणाले. कोणी छापले नाही. फ्लॅट विकायचे आम्ही दोनदा ठरवले, दोनदा राहून गेले. मी अजून तिथेच राहतो, आणि याचेही माझ्याकडे समर्थन नाही.

या केसने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. त्यांना मी करमाळ्याचा हजेरीपट सांगतो, झेरॉक्सवरची रेघ सांगतो, त्यांना त्यात रस असतो. पण शिकलो ते त्या बाईंच्या प्रश्नातून. त्याचे उत्तर त्यांच्यासमोर मला सुचले नव्हते असे नाही, सांगण्याची हिंमत नव्हती. बाईंचे नाव मी घेतले, कारण ते घेतल्यावर मला जाब विचारणारा कोणाचाही फोन येणार नव्हता.